थ्री फेजवर नवीन लाईन टाकताना: दुकानदार, हॉटेलवाले आणि ऑफिसवाले वारंवार विचारतात ते प्रश्न

धंदा वाढला की विजेचा भार वाढतो. आधी एसी येतो, मग डीप फ्रीजर, मग ओव्हन, मग मागच्या खोलीत गिझर. दरवेळी वायरमनला एकच निरोप जातो, "एक लाईन टाकून द्या." परवानाधारक ठेकेदार म्हणून साइटवर जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. हे वाचून कोणी स्वतः डीबी, म्हणजे सगळ्या लाईनी जिथून निघतात ती पेटी, उघडू नये. काम करणाऱ्याला काय विचारायचं आणि त्याच्याकडून काय तपासून घ्यायचं, हे मालकाला कळावं एवढ्यासाठी हे लिहिलं आहे.

डीबीत चार जागा रिकाम्या आहेत. मग लाईन टाकायला अडचण काय?

रिकामी जागा म्हणजे एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद होणारा, म्हणजे पडणारा स्विच) बसवायची सोय. वीज शिल्लक आहे असा तिचा अर्थ होत नाही. ‘८-वे’ टीपीएन डीबीत, म्हणजे तीन फेज (विजेच्या तीन जिवंत वायरी) आणि न्यूट्रल (परतीची वायर) येते त्या पेटीत, प्रत्येक फेजला ८ याप्रमाणे २४ सिंगल पोल एमसीबी बसतात. सगळे १६ अँपिअरचे भरले तर कागदावर एका फेजला १२८ अँपिअर होतात, आणि वर मेन, म्हणजे मुख्य स्विच, असतो ४० किंवा ६३ अँपिअरचा. सगळं एकाच वेळी चालू नसतं म्हणून हे निभावतं. तेव्हा ऐन गर्दीच्या वेळी एकदम काय काय चालू असतं, हा खरा प्रश्न.

लाईन टाकण्याआधी तीन गोष्टी बघा: बिलावरचा मंजूर भार, मीटरपासून डीबीपर्यंत आलेली केबल आणि डीबीचा मेन. या तिघांत जे सगळ्यात कमी, तीच तुमची मर्यादा. १५ किलोवॉट मंजूर असेल तर ०.९ पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी कामी येणारा हिस्सा) धरून प्रत्येक फेजला साधारण २३ अँपिअर येतात, तेही भार तिन्ही फेजवर सारखा वाटलेला असेल तर. मेनवर ६३ लिहिलंय म्हणून ६३ अँपिअर ओढायची परवानगी मिळत नाही.

मंजूर भारापेक्षा थोडं जास्त वापरलं तर काय बिघडतं? मीटर तर चालूच आहे, पैसे भरतोच आहोत.

हा प्रश्न अगदी प्रामाणिकपणे विचारला जातो, म्हणून नीट सांगतो. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापराचं बिल लागू दराच्या दुपटीने काढता येतं. हा वापर कधीपासून चालू आहे हे ठरवता आलं नाही तर तपासणीच्या आधीचे १२ महिने धरले जातात. मंजूर भाराच्या वर वापर हा अनधिकृत वापरच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ओडिशातल्या एका राइस मिलच्या खटल्यात सांगितलं. ज्यांचं बिल मागणीवर, म्हणजे एका वेळी ओढलेल्या सर्वाधिक भारावर (केव्हीए) निघतं, त्यांना जास्तीच्या मागणीचा वेगळा आकार लागतो.

पैशांइतकीच दुसरीही बाजू महत्त्वाची आहे. तुमच्या गल्लीतला डीपी आणि सर्व्हिस केबल मंजूर भाराच्या हिशोबाने धरलेली असते. दहा दुकानदारांनी गुपचूप भार वाढवला की उन्हाळ्यात त्या डीपीचा फ्यूज उडतो आणि सगळी गल्ली अंधारात बसते.

भार वाढवायचा अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावरून करता येतो. मुंबईत तुमचा पुरवठादार बेस्ट, अदानी, टाटा किंवा महावितरण यांपैकी कोण ते बिलावर बघून त्यांच्याकडे अर्ज करा. गोव्यात तो राज्याच्या वीज खात्याकडे जातो. महावितरणच्या व्यावसायिक ग्राहकांनी २० किलोवॉटची रेघ लक्षात ठेवावी. तिच्यापुढे गेलात की दरगट बदलतो आणि स्थिर आकार मागणीवर लागतो. १९ वरून २१ वर जाताना त्यामुळे वर्षभराच्या बिलाचा हिशोब आधी मांडून घ्यावा.

थ्री फेज म्हणजे तिप्पट वीज का?

नाही. एका फेजपासून न्यूट्रलपर्यंत साधारण २३० व्होल्ट आणि कुठल्याही दोन फेजमध्ये साधारण ४१५. लाल, पिवळा, निळा हे तीन फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. तुमचे दिवे, पंखे, फ्रीज, संगणक कुठल्यातरी एका फेजवर चालतात. मोठ्या मोटारी तिन्हींवर चालतात.

नवीन लाईन कोणत्या फेजवर टाकायची? वायरमन म्हणतो कुठेही टाकली तरी चालते.

चालते, म्हणजे दिवा लागतो. पण मालकांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यावं असं मला वाटतं ते इथेच.

टाँग टेस्टर, म्हणजे क्लॅम्प मीटर, मेनच्या तिन्ही फेजवर आणि न्यूट्रलवर एकेक करून लावायचा आणि आकडे लिहून घ्यायचे. हे सकाळी दुकान उघडताना करू नका. सलून असेल तर रविवारी अकरा वाजता, हॉटेल असेल तर रात्री साडेआठला, क्लास असेल तर संध्याकाळच्या बॅचला, जेव्हा सगळं चालू असतं तेव्हा मोजा. मी तर सांगतो, मेमध्ये एसी चालू असताना मोजा. डिसेंबरातला आकडा बघून टाकलेली लाईन मेमध्ये दगा देते.

एका कपड्याच्या दुकानात मला असे आकडे मिळाले: लाल २८, पिवळा ११, निळा ९ अँपिअर. तिन्ही एसी लालवर, कारण ते तिघं तीन वेगळ्या वर्षी आले आणि दरवेळी डीबीतली सगळ्यात सोयीची जागा लालवरच होती. असा भार असला की फरकाचा प्रवाह न्यूट्रलमधून परत जातो. इथे हिशोबाने तो साधारण १८ अँपिअर येतो. तोच ४८ अँपिअर १६-१६-१६ असा वाटला तर न्यूट्रलमध्ये जवळजवळ काहीच राहत नाही. आम्ही एकही नवीन वायर न टाकता दोन एसींचे फेज बदलले आणि चौथ्या एसीला जागा झाली. मालक भार वाढवायचा अर्ज करायला निघाले होते. तो करावा लागलाच, पण दोन वर्षांनी.

टीपीएन डीबीत शेजारशेजारचे एमसीबी बहुतेक वेळा लाल-पिवळा-निळा अशा क्रमाने येतात. तरी "तिसरा म्हणजे निळा" असं गृहीत धरू नये. बसबारची, म्हणजे आतल्या धातूच्या पट्ट्यांची, मांडणी कंपनीगणिक वेगळी असते, म्हणून मीटर लावून खात्री करावी.

भार वाटताना नुसत्या वॉटची बेरीजही पुरत नाही, वेळही बघावी लागते. गिझर सकाळी चालतो, पाटीवरचे दिवे संध्याकाळी, फ्रीजर चोवीस तास. एकाच वेळी चालणारी दोन जड उपकरणं वेगळ्या फेजवर ठेवा. आलटूनपालटून चालणारी दोन एकाच फेजवर राहिली तरी हरकत नाही.

न्यूट्रलला एवढं महत्त्व कशाला? त्यात करंट नसतो ना?

हा गैरसमज मी वायरमनच्या तोंडूनही ऐकला आहे, आणि त्याने किती नुकसान होतं ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

एका बेकरीत ओव्हनसाठी नवी लाईन टाकली होती. काम करणाऱ्याने नवी न्यूट्रल वायर वेगळ्या स्क्रूखाली न लावता मेन न्यूट्रलच्याच स्क्रूखाली कोंबली. दोन वेगळ्या जाडीच्या वायरी एका स्क्रूखाली, म्हणजे जाड वायर धरली जाते आणि बारीक ढिली राहते, किंवा उलट. तीन आठवड्यांनी संध्याकाळी काउंटरवरचे दिवे एकदम लख्ख झाले आणि मागच्या भट्टीजवळचे मिणमिणले. मालकांना वाटलं, व्होल्टेज वाढलं. पाचेक मिनिटांत बिलाचा संगणक, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आणि एका फ्रीजरचं कार्ड जळालं.

मी जाऊन झाकण काढलं तेव्हा न्यूट्रल लिंकच्या (सगळ्या न्यूट्रल जिथे लागतात त्या पट्टीच्या) एका टोकाचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं होतं आणि जळक्या मासळीसारखा वास येत होता. पेचकस लावला तर स्क्रू जवळपास सव्वा फेरा सहज फिरला.

झालं असं की मेन न्यूट्रल सुटली. ती सुटली की एका फेजवरची उपकरणं दुसऱ्या फेजवरच्या उपकरणांशी थेट जोडली जातात आणि त्यांच्यात ४१५ व्होल्टची वाटणी होते. ज्या फेजवर भार जास्त तिथे व्होल्टेज पडतं. जिथे भार कमी तिथे ते २३० ऐवजी साडेतीनशेच्याही वर जाऊ शकतं. काउंटरच्या फेजवर दिवे, संगणक असा हलकाच भार होता, म्हणून जळालं ते तिथलंच. अशा वेळी एमसीबी पडत नाही, कारण प्रवाह वाढलेला नसतो.

तेव्हा कधी असं दिसलं, काही दिवे प्रखर आणि काही मंद, तर विचार करत बसू नका, मेन बंद करा.

नव्या लाईनची न्यूट्रल स्वतंत्र स्क्रूखाली, योग्य लग (वायरच्या टोकाला लावायची धातूची टोपी) दाबून बसवलेली हवी. मेन न्यूट्रल फेजइतक्याच जाडीची हवी. एलईडी दिवे, संगणक, यूपीएस, इन्व्हर्टर एसी यांचा भार तिन्ही फेजवर समान वाटला तरी त्यांच्या तिसऱ्या हार्मोनिकचा, म्हणजे मूळ वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेचा, प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना कापत नाही, त्याची बेरीज होते. तीस-चाळीस संगणकांच्या ऑफिसात न्यूट्रल गरम लागते ती यामुळे. जुन्या काळी अर्ध्या जाडीची न्यूट्रल टाकायची पद्धत होती. ती अशा ठिकाणी धोक्याची आहे.

नवी लाईन टाकल्यापासून आरसीसीबी पडतोय. आरसीसीबी खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. आरसीसीबी हा शॉकपासून वाचवणारा स्विच. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह ताडून बघतो. फरक दिसला की तो पडतो. नव्या लाईनचा फेज आरसीसीबीच्या पुढून घेतला आणि न्यूट्रल दुसऱ्याच लिंकवर लावली, तर गेलेला प्रवाह त्याला परत आलेला दिसतच नाही. दुरुस्ती पाच मिनिटांची आहे: त्या आरसीसीबीची न्यूट्रल त्याच्याच लिंकवर न्यायची.

तिन्ही फेजला वेगळा आरसीसीबी असलेला, म्हणजे पर फेज आयसोलेशनचा डीबी असेल तर ही चूक हमखास होते. त्यात न्यूट्रल लिंकही तीन असतात आणि तिन्ही काळ्याच दिसतात. लाल फेजची लाईन असेल तर न्यूट्रलही लालच्याच लिंकवर लागली पाहिजे. आम्ही न्यूट्रलच्या टोकाला फेजच्या रंगाची टेप गुंडाळतो. चार रुपयांत पुढच्या माणसाचा अर्धा दिवस वाचतो.

दुसरं कारण गळती. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो, तो तसाच बनवलेला असतो. संगणक, यूपीएस, इन्व्हर्टर एसी यांच्या फिल्टरमधून थोडी थोडी गळती कायम चालू असते. एकाच आरसीसीबीखाली पंचवीस संगणक लटकवले की तो कारण नसताना पडतो. लाईनी दोन-तीन आरसीसीबींत वाटून घ्या.

एक हात जोडून विनंती. आरसीसीबी पडतो म्हणून तो काढून सरळ वायर जोडायला सांगू नका. ओल्या हाताने फ्रीजरला हात लावणारा तुमचा पोरगेला कामगार त्याच्याच भरवशावर असतो.

वायर किती जाडीची घ्यायची?

एमसीबी वायरला वाचवतो, उपकरणाला नाही. म्हणून आधी भार, मग वायर, आणि मग त्या वायरला झेपेल एवढाच एमसीबी, असा क्रम. पाइपातून जाणाऱ्या तांब्याच्या वायरसाठी मी २.५ चौरस मिलिमीटरला १६ आणि ४ ला २० अँपिअरच्या वर एमसीबी लावत नाही. पत्र्याच्या छपराखालून वायर जात असेल किंवा एकाच पाइपात सात-आठ वायरी असतील तर त्यांना थंड व्हायला वाव मिळत नाही. तिथे एक माप वरचं घ्या.

अंतरही बघा. २० अँपिअरचा भार डीबीपासून ३० मीटरवर असेल तर ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्यात जाऊन-येऊन साधारण सव्वापाच व्होल्ट पडतात, ते चालून जातं. तेच २.५ मध्ये साडेआठच्या आसपास पडतात. उन्हाळ्यात मुळातच २०५ व्होल्ट येत असतील तर एसीच्या कॉम्प्रेसरला ते जड जातं.

आयएस ६९४ चा शिक्का असलेली वायर घ्या. सर्व्हिस केबल ॲल्युमिनियमची आणि आतली वायर तांब्याची असेल तर दोन्ही कधीच थेट पीळ घालून जोडू नयेत. त्या सांध्यासाठी बायमेटल लग मिळतात.

एमसीबी सारखा पडतो, १६ काढून ३२ टाकू का?

नाही. वायर तीच ठेवून मोठा एमसीबी लावला तर आता वायर जळेल. आधी टाँग टेस्टरने प्रवाह बघा. प्रवाह खरंच जास्त असेल तर भार दोन लाईनींत वाटा. प्रवाह ठीक असून फक्त चालू करतानाच पडत असेल तर एमसीबीचा प्रकार बघा. बी प्रकार त्याच्या आकड्याच्या ३ ते ५ पट प्रवाहाला झटक्यात पडतो, सी ५ ते १० पटीला, डी १० ते २० पटीला. मोटार किंवा कॉम्प्रेसर असेल तिथे बहुधा सी लागतो.

थ्री फेजचं यंत्र आणतोय. पीठ मळायचं मिक्सर, डक्टेबल एसी वगैरे. वेगळं काय लागतं?

तीन सुटे सिंगल पोल एमसीबी लावून भागवू नका. एक पडला तर मोटार उरलेल्या दोन फेजवर गुरगुरत राहते आणि वाइंडिंग जळते. ट्रिपल पोल, म्हणजे तिन्ही फेज एकदम तोडणारा, घ्या. मोटारीला ओव्हरलोड रिले (जास्त भार आला की बंद करणारा) आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की बंद करणारा) लावा. आपल्याकडे एक फेज जाणं नवलाचं नाही.

जोडणी झाली की आधी मोटार क्षणभर चालू करून फिरण्याची दिशा बघा. उलटी फिरली तर कुठल्याही दोन फेजची अदलाबदल करायची. कॉम्प्रेसर उलटा फिरला तर खराब होऊ शकतो, म्हणून तिथे आधी फेजचा क्रम मीटरने तपासतात. यंत्राच्या बॉडीला अर्थिंगच्या दोन स्वतंत्र जोडण्या लागतात, नियमच आहे तो. एकच हिरवी वायर ओढून काम संपलं म्हणणाऱ्याला दुसरी कुठे आहे ते विचारा.

फेज सिलेक्टर आहे. एक फेज गेला की दुसऱ्यावर फिरवतो. ठीक आहे ना?

दिव्या-पंख्यांपुरतं ठीक. सगळं एकाच फेजवर ढकललं तर तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तापतात. नवीन एसीची लाईन टाकताना सिलेक्टरखाली आधीच काय काय आहे ते मोजून घ्या. मी एसी आणि गिझर सिलेक्टरबाहेर ठेवतो. लाईट गेलेल्या तासाभरात ते बंद राहिले तर कोणाचं काही अडत नाही.

जनरेटर आणि इन्व्हर्टरवर नवी लाईन घ्यायची आहे.

जनरेटरसाठी चेंजओव्हर (मेनवरून जनरेटरवर न्यायचा स्विच) फोर पोलचा हवा, म्हणजे न्यूट्रलही बदलते. इन्व्हर्टरच्या लाईनची न्यूट्रल इन्व्हर्टरकडेच परत गेली पाहिजे. ती मेनच्या लिंकवर सोडली की वर सांगितलेला आरसीसीबीचा गोंधळ सुरू होतो. लाईनवर काम करणाऱ्या माणसाला मागून येणाऱ्या विजेचा धोकाही असतो. डीबीवर "इन्व्हर्टर पुरवठा आहे" अशी पाटी लावा.

धंदा बंद ठेवायला नको. लाईट चालू ठेवून काम होईल का?

नाही, आणि जो होईल म्हणतो त्याला काम देऊ नका. मेन बंद केल्यावरही मेनच्या वरच्या टोकांना वीज असतेच. ती मीटरकडून येते आणि मीटरचं सील तोडायचा अधिकार तुम्हाला, आम्हाला, कोणालाच नाही. त्या बाजूला काम असेल तर पुरवठादाराकडून पुरवठा बंद करून घ्यावा लागतो. मेन बंद केल्यावर तो कोणी चुकून वर करू नये म्हणून कुलूप लावायचं, तिन्ही फेज मीटरने तपासायचे आणि मग हात घालायचा. नुसत्या टेस्टरच्या दिव्यावर भरवसा ठेवायचा नाही. चार लाईनींचं काम असेल तर सोमवारची सुट्टी किंवा पहाटेची वेळ धरा.

ओळखीचा वायरमन आहे, त्याच्याकडून करून घेतलं तर?

त्याचा हात चांगला असेलही. पण काम परवानाधारक ठेकेदारामार्फत व्हायला हवं, आणि भार वाढवायच्या अर्जासोबत त्याचा टेस्ट रिपोर्ट लागतो. आग लागली तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. चांगला वायरमन बहुतेक वेळा कुठल्यातरी ठेकेदाराशी जोडलेला असतो. त्याच्याच ठेकेदाराकडून काम घ्या, म्हणजे तो माणूसही दुखावत नाही. इमारत १५ मीटरपेक्षा उंच असेल तर विद्युत निरीक्षकांच्या तपासणीचा विषय येतो. तेव्हा आधी सोसायटीकडे किंवा इमारत मालकाकडे चौकशी करा.

जागा भाड्याची आहे, मीटर मालकाच्या नावावर.

भार वाढवायला त्यांची संमती लागते. भाडेकरारात वायरिंगचं काम कोणी करायचं आणि जागा सोडताना ते काढायचं की ठेवायचं, हे दोन ओळींत लिहून घ्या. भांडणं तिथेच होतात.

काम झालं. पैसे द्यायच्या आधी काय बघू?

मेगर, म्हणजे वायरचं आवरण शाबूत आहे का ते मोजणारं मीटर, लावायला सांगा. ५०० व्होल्ट डीसीवर वायर आणि अर्थिंग यांच्यामध्ये किमान १ मेगाओहम यायला हवा. नव्या वायरीला तो याच्या कितीतरी पट जास्त येतो, त्यामुळे काठावरचा आकडा आला तर कुठेतरी वायर सोलली आहे असं समजा. मेगर लावताना संगणक, एलईडी, यूपीएस सुटे केलेले असावेत. सॉकेटमध्ये फेज उजवीकडे आहे ना ते बघा. आरसीसीबीचं टेस्ट बटण तुमच्यासमोर दाबून घ्या.

मग गर्दीच्या वेळी पुन्हा एकदा तिन्ही फेज आणि न्यूट्रल मोजून घ्या आणि आधीच्या आकड्यांशेजारी लिहा. पंधरा दिवसांनी मेन बंद करून सगळे स्क्रू पुन्हा आवळून घ्या. नवी वायर स्क्रूखाली बसते आणि थोडी ढिली पडते. त्या बेकरीत हा पंधरा दिवसांनंतरचा फेरा कोणी मारला असता तर संगणक वाचला असता.

डीबीच्या दाराच्या आत एक कागद चिकटवा. त्यावर प्रत्येक एमसीबीचा नंबर, फेज, वायरची जाडी, त्यावर काय आहे, आणि मोजलेले अँपिअर तारखेसह लिहा. पेनाने लिहा, प्रिंट काढायची वाट बघू नका.